गफूरभाईंचं खळं

मे महिन्यात आमच्या स्टुडिओत शिरलेल्या माणसाला पहिल्यांदा दिसायची ती पंख्याची पाठ. निळ्या पात्यांचा टेबलफॅन होता, मान हलवणारा. पण गफूरभाईंनी त्याची मान सुतळीनं करकचून बांधली होती आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे केलं होतं. कॉम्प्युटरच्या डब्याचं एका अंगाचं झाकण कायमचं काढलेलं. आतली हिरवी-तांबडी आतडी उघडी, आणि त्यांच्यावर भरभर वारा. समोरच्या बाकावर वेल्ह्याकडून दोन एसट्या बदलून आलेली माणसं टोपीनं वारा घेत बसलेली.

एखादा म्हणायचा, "ओ पेंटर, जरा हिकडं फिरवा की त्यो पंखा."

गफूरभाई मागं वळूनही बघत नसत. "तुमी बसलाय," ते म्हणत. "काम त्यो करतोय."

हे भोरमधलं, नवं शतक नुकतंच लागलं होतं तेव्हाचं. स्टुडिओ माझा. आमचे हे एसटीच्या डेपोत कारकून, त्यांना स्टुडिओत रस फक्त चहापुरता. मी तेव्हा पन्नाशीला टेकलेली आणि स्वतःवर बेहद्द खूष असलेली बाई होते. तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट चौकटीत घालून गणपतीच्या शेजारी टांगलं होतं. गणपतीपेक्षा दोन बोटं वरच. आज ती बाई रस्त्यात भेटली तर मी तिला ओळख देणार नाही.

कॉम्प्युटर आणला तेव्हा तो मीच चालवणार होते. पहिल्याच आठवड्यात वरवे बुद्रुकच्या एका नवरदेवाच्या फोटोतला डाग काढता काढता मी त्याचा डावा कान पुसला. कान काही परत येईना. त्या दिवशी गफूरभाई आमची पाटी रंगवायला शिडीवर चढले होते. टेम्पोची मागली फळी, दूध डेअरीचे बोर्ड, मयताच्या बातमीचे काळे फळे, सगळं तेच रंगवायचे. भोरात त्यांना गफूर पेंटर म्हणत. शिडीवरून त्यांनी खिडकीतून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ब्रश दातांत धरून म्हणाले, "वहिनी, दुसरा कान उलटा करून हिकडं लावा. कोन बघतंय?"

मी लावला. कुणी बघितलं नाही. तो नवरदेव आजही दोन उजवे कान घेऊन अल्बममध्ये बसलेला असेल. पंधरा दिवसांनी गफूरभाई त्या खुर्चीवर होते आणि मी गल्ल्यावर. फ्लेक्सच्या बोर्डांनी त्यांचा ब्रश तसाही वाळवला होता.

लग्नाची कामं यायची, पण आमचं पोट चालायचं मयतांवर. आमच्याकडे माणूस गेला की दशक्रियेला त्याचा फोटो पाहिजे. घाटावर हार घालून ठेवायला आणि मग जन्मभर भिंतीवर. पण डोंगरातल्या माणसानं जिवंतपणी फोटो काढलेला असतोच असं नाही. सावडणं उरकलं की चौथ्या-पाचव्या दिवशी घरची माणसं आमच्या बाकावर येऊन बसत. पिशवीतून निघायचं काय, तर पुतण्याच्या लग्नातला एक घोळक्याचा फोटो, नाहीतर मतदान ओळखपत्रावरचा धुरकट चौकोन. एकदा तर नुसतं बैलाच्या मिरवणुकीचं चित्र आणि त्यात बैलाच्या शिंगाशी एक बोटभर माणूस.

गफूरभाई तो बोटभर माणूस उचलायचे, मोठा करायचे, पुसायचे, रंगवायचे आणि त्याला कोट घालायचे. कोट एकच होता, निळा, कुठल्याशा कापड दुकानाच्या जाहिरातीतून काढलेला. भोरपासून वेल्ह्यापर्यंत कुठल्याही घरात जा, भिंतीवरचा म्हातारा त्याच निळ्या कोटात. बायकांसाठी हिरवं लुगडं, तेही एकच. मी एकदा म्हटलं, "गफूरभाई, वर सगळे एका रांगेत उभे राहिले तर बँडवाले वाटतील."

ते म्हणाले, "वळखू तर येत्याल. आपली मानसं म्हनून."

चौकशीही अशी करायचे की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. नुकतंच कपाळ उघडं पडलेल्या बाईला विचारायचे, "आत्या, टोपी कुठल्या अंगाला कलती घालायचे? हसायचे का? दात दावून, का नुसतं गालात?" मला वाटायचं आता ही रडणार. ती मात्र डोळे पुसून हिरिरीनं सांगायला लागायची.

त्यांचा एक नियम होता. फोटोत डोळे मिटलेले असतील किंवा दिसतच नसतील, तर दुसऱ्या कुणाचे तरी लावावे लागत. पण परक्याचे कधी लावायचे नाहीत. "डोळं घरातलंच पायजेत," ते म्हणत. भाऊ, मुलगा, कुणी नसलं तर मावशी. त्यासाठी आमच्या मागच्या खोलीत कितीतरी जिवंत माणसांना उभं करून नुसत्या डोळ्यांचे फोटो काढलेत मी. आपल्या बापाला डोळे देऊन आलेला मुलगा बाहेर बाकावर डोळे चोळत बसून राहायचा.

आता कॉम्प्युटरचं. हा कॉम्प्युटर हळू होता. किती हळू ते आताच्या पोरांना सांगून कळणार नाही. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी गोष्ट करायला सांगितली, की पडद्यावर एक पट्टी यायची आणि ती डावीकडून उजवीकडे भरत जायची. भरली की काम झालं. गफूरभाईंचा दिवस त्या पट्ट्यांनी मोजलेला. एका विडीची पट्टी, दोन विड्यांची पट्टी, नमाज पढून यावं एवढी पट्टी. पट्टी चालू असताना दुकानात कुणी जोरात चालायचं नाही, शटर ओढायचं नाही. मी शिंकले तरी ते वळून बघायचे. डब्यावर तळहात ठेवून बसायचे, जत्रेहून आलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. "हळू" हा शब्द मात्र त्यांनी कधी वापरला नाही. "दम लागलाय त्याला," म्हणायचे.

दम का लागतो तेही त्यांना माहीत होतं. रद्दीतून कॉम्प्युटरची मासिकं किलोवर आणायचे, इंग्रजी अक्षरं एकेक लावून वाचायचे आणि चित्रं तर पाठच. बाकावरच्या लोकांना समजावून सांगायचे ते असं:

"ही आतली मोठी डबी हाय का, ही कणगी. सगळं भात हिच्यात. आन् ह्यो मदला, ह्यो बैल. पर मळणी कणगीत व्हती का? मळणी व्हती खळ्यावर. ही बोटभर हिरवी पट्टी हाय न्हवं, मेमरी, ह्ये खळं. आता बैल तगडा हाय, कणगी मोठी हाय, आन् खळं खाटंएवढं. मग काय करतोय त्यो? चार पेंड्या खळ्यावर, बाकीच्या परत कणगीत. पुन्यांदा चार काढा, पुन्यांदा ठेवा. निस्ती ने-आन. मळतोय कवा?"

बाकावरचे शेतकरी माना डोलवायचे. त्या खोलीत फक्त एकाच माणसाला ते पटत नव्हतं, आणि ती सर्टिफिकेटवाली होती. कोर्समध्ये आम्हाला खळं शिकवलं नव्हतं.

"खळं वाढवा, वहिनी," हे मग रोजचंच झालं. आल्या आल्या सलाम, आणि खळं वाढवा. जाताना चपला घालता घालता, खळं वाढवा.

मार्गासनीच्या एका आजींचं काम आलं तेव्हा तर कहर झाला. नवऱ्याचा एकच फोटो, त्यात अर्धा चेहरा बँडवाल्याच्या कर्ण्याआड. गफूरभाईंनी उरलेला अर्धा उलटा करून जोडला. आजींनी पडद्यावर बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो मानूस माजा न्हाई. त्यांचा डावा डोळा बारीक व्हता. शिंग लागलं व्हतं." झालं, परत पहिल्यापासून. डोळा बारीक केला, पट्टी निम्म्यावर आली आणि वीज गेली. दुसऱ्या दिवशी पट्टी सरत आली आणि कॉम्प्युटर गप्प बसला. नवव्या दिवशी दुपारी फोटो कसाबसा निघाला. गफूरभाई तो वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतः एसटीनं मार्गासनीला पोचवून आले.

"काय म्हणाल्या आजी?" मी विचारलं.

"मला काय न्हाई म्हनाल्या. फोटुला म्हनाल्या, 'लई उशीर केलासा.'"

मी हसले. गफूरभाई हसले नाहीत.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. मला ती फार नंतर कळली, पण तुम्हाला आधीच सांगते, म्हणजे पुढं मला नावं ठेवताना तुमची जीभ अडखळायला नको.

गफूरभाईंना एक बहीण होती, हमीदा. त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी. ब्रश धुऊन द्यायची, डब्यातल्या रंगावरची साय काढून द्यायची. अठराव्या वर्षी कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेली. गफूरभाई तेव्हा वेल्ह्याला एका सोसायटीचा बोर्ड रंगवत होते. निरोप पोचला, पण एसटी चुकली. घरी आले तेव्हा माणसं कबरस्तानातून परतत होती. वडिलांना फोटो काढलेला खपत नसे, म्हणून हमीदाचा एकही फोटो नव्हता. घोळक्यातला नाही, ओळखपत्रावरचा नाही, बैलाच्या शिंगाशीसुद्धा नाही.

या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली होती. आणि आता त्यांच्या अम्मांना काचबिंदू झाला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेवढी नजर गेली ती गेली, उरलेली जपा. कडेनं अंधार आत सरकत होता. नळीतून बघावं तेवढंच मधलं दिसायचं. तेव्हा अम्मा मुलाला म्हणाल्या, "सगळ्या मुलखाच्या मयताला उठवून बसवतोस. मला माज्या हमीदाचं तोंड एकदा दाव. दिसतंय तवर."

म्हणून दर सोमवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, गफूरभाई अम्मांना घेऊन स्टुडिओत यायचे. किल्ली त्यांच्याकडे असायचीच. अम्मा स्टुलावर बसून सांगायच्या आणि ते हमीदाला बांधायचे. कपाळ मावसबहिणीचं, हनुवटी अम्मांची, डोळे स्वतःचे. अम्मा म्हणायच्या, नाक जरा बारीक. गफूरभाई बारीक करायला सांगायचे आणि पट्टी यायची. चेहरा पन्नास तुकड्यांचा, एकावर एक ठेवलेला. पट्टी हलायलाच तयार नसायची. ती भरेपर्यंत अम्मांचा डोळा दुखायला लागायचा, पाणी यायचं आणि त्या म्हणायच्या, "आता न्हाई दिसत. म्होरल्या सोमवारी." एका सोमवारी एक नाक. तेही कधी चुकायचं.

हे सगळं त्यांनी मला सांगितलं नाही. एकदाच म्हणाले, "वहिनी, माझं एक घरचं काम हाय त्याच्यावर. सोमवारी करतो. चालंल का?" मी म्हटलं, चालेल. कसलं काम ते विचारायला मला सवड नव्हती.

शेवटी पावसाळ्याच्या तोंडावर मी पुण्याला निघाले. मेमरी घ्यायचीच. आदल्या दिवशी गफूरभाईंनी मला एक चिठ्ठी दिली. चिठ्ठी कसली, चित्रच होतं. मेमरीची पट्टी मोजून तेवढ्याच मापाची काढलेली, पायाशी दोन खाचा आणि त्या लाल रंगानं भरलेल्या. खाली त्यांच्या बोर्डाच्या वळणदार अक्षरांत: दोन खाचा बघून घेणे.

"खाच मोजा, वहिनी," ते म्हणाले. "दुसरं काय बघू नका."

मी ती चिठ्ठी पर्समध्ये टाकली, मटकी आणि शेवयांच्या यादीशेजारी. दुकानदारानं विचारलं, "बाई, जुन्या जातीची देऊ का नव्या?"

आता मला सांगा, सर्टिफिकेट गणपतीच्या वर टांगणारी बाई जुनी मागेल का? आणि नवी दुप्पट जोराची, वर स्वस्त. मी म्हटलं, "नवीच द्या." तो म्हणाला, "तुमच्या मशीनला बसते ना, बघा हं." मी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा पावती लिहायला लागला. परतीच्या एसटीत मी ती पट्टी काढून निरखली. तिच्यावर एक चकचकीत स्टिकर होता. मी नखानं खरवडून तो स्वच्छ काढून टाकला. नव्या भांड्यावरचा काढतात तसा.

गफूरभाईंनी पट्टी उजेडाकडे धरली. तिच्या पायाशी अंगठा फिरवला.

"वहिनी, एकच खाच हाय."

"मग?"

"आपल्याला दोन लागत्यात."

"एकच आहे तर उलट सोपं जाईल."

"आवो, खाच म्हंजे किल्लीचा दात. कुलूप दुसरं हाय."

"जरा जोर लावा की, गफूरभाई. नवीन आहे, घट्ट बसत असेल."

त्यांनी जोर लावला नाही. मग मीच पदर खोचला आणि अंगठ्यानं दाबली. डबा तिरपा झाला, पंखा पडता पडता राहिला, आणि बाकावर बसलेल्या आंबवड्याच्या एका गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. पट्टी बसली नाही. आणि परत करायला गेले तर दुकानदारानं विचारलं, "यावरचा स्टिकर कुठाय?" स्टिकर नसेल तर बदलून मिळत नाही म्हणे. स्टिकर स्वारगेट आणि नसरापूरच्या दरम्यान कुठेतरी उडाला होता.

शहाण्या बाईनं दुसऱ्या दिवशी दोन खाचांची पट्टी आणली असती आणि विषय संपवला असता. मी ती बाई नव्हते. मी म्हटलं, पट्टी चुकलेली नाही, कॉम्प्युटरच जुना आहे. आता या पट्टीला बसेल असाच कॉम्प्युटर घ्यायचा.

जेवताना आमचे हे म्हणाले, "म्हणजे ब्लाऊजपीस घेतला, आता त्याला शोभेल अशी साडी शोधायची."

"तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय?"

"कॉम्प्युटरमधलं नाही. पण साड्यांचा अनुभव आहे."

तर मी साडी शोधायला लागले. त्या एका खाचेच्या पट्टीसाठी नवा मदरबोर्ड. तो गौरी-गणपती उलटल्यावर मिळाला. त्या बोर्डाला जुना प्रोसेसर चालेना. गफूरभाईंच्या भाषेत, गोठा नवा आणि बैल आत मावेना. म्हणून नवा बैल. त्याला जास्त वीज लागते म्हणून विजेचा नवा डबा. एकेक वस्तू घ्यायला वेगळी खेप आणि प्रत्येक खेपेला महिना-दोन महिने. आलेली प्रत्येक वस्तू मी कपाटात पट्टीशेजारी नीट मांडून ठेवत होते, हळदीकुंकवाचं वाण जमवावं तशी.

मधे एकदा, दिवाळीच्या आधी, दुकान भरलेलं असताना गफूरभाई गल्ल्याशी आले. हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, साधी जुनी पट्टीच आनूया का? दोन खाचांची. मी जातो, माझ्या पैशानं आनतो. जरा घाई हाय."

माझ्या चुकीवर बोट ठेवलेलं मला चार माणसांत चालणार नव्हतं. मी मोठ्यानं म्हटलं, "सगळी मेलेल्या माणसांची कामं, गफूरभाई. मेलेल्यांना कसली घाई?"

बाकावरचे सगळे हसले. गफूरभाईही हसले थोडं. म्हणाले, "व्हय. त्येबी खरं," आणि जाऊन खुर्चीवर बसले. त्या दिवसानंतर त्यांनी खळ्याचं नाव काढलं नाही. मला वाटलं, समजूत पटली. वाक्य मला इतकं आवडलं होतं की घरी येऊन मी ते ह्यांना पुन्हा ऐकवलं. विनोद केला की पहिलं हसायचं स्वतःच, अशी माझी तेव्हा पद्धत होती.

नवा कॉम्प्युटर उभा राहिला तो पुढच्या मेमध्ये. पट्टी आणल्याला अकरा महिने झाले होते. गफूरभाईंनी सगळं स्वतः जोडलं. एका खाचेची ती पट्टी टकदिशी जागेवर बसली आणि मी सगळ्यांना पेढे वाटले. जणू मी बरोबर होते हे सिद्ध झालं.

त्यांनी काम सुरू केलं आणि पडद्यावरची पट्टी दिसेचना. म्हणजे यायची, पण डोळ्याला लागायच्या आत भरून जायची. दोन विड्यांचं काम एका श्वासात. माणसं म्हणाली, वा पेंटर. गफूरभाईंचा तळहात नेहमीसारखा डब्यावर होता, पण ते तिकडे बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी कात्री विसरले होते म्हणून दुपारी दुकानाशी गेले. शटर अर्धं वर होतं. वाकून आत शिरले, तर पडद्यावर एक मुलगी. अठरा-एकोणीसची, डोक्यावर पदर, नाकात चमकी. तिनं माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं असं वाटलं मला. ती नजर ओळखीची होती आणि कुणाची ते कळेना. समोर स्टुलावर उशी आणि उशीवर एक लहानखुऱ्या म्हाताऱ्या बाई, हात गफूरभाईंच्या खांद्यावर.

त्यांना माझी चाहूल लागली नाही. मी तिथेच थांबले.

"अम्मा, आता येळ लागत न्हाई," गफूरभाई म्हणत होते. "तू निस्तं बोलायचं. बोललीस का झालं. नाक कसं करू?"

"लाव की मग."

"लावलंय, अम्मा."

"कुठं?"

"म्होरंच हाय."

अम्मांनी मान उचलली. खिडकीकडे. मग जरा फिरवली, कपाटाकडे. "कुठं रं?" त्या म्हणाल्या.

पंखा डब्यावर वारा घालत होता, तेवढाच आवाज. मग त्यांनी अम्मांचं बोट धरलं आणि पडद्याच्या काचेवर टेकवलं. "हे कपाळ. हितं नाक हाय. ही चमकी."

"मुंग्या येत्यात बोटाला," अम्मा म्हणाल्या. तेव्हाच्या जाड पडद्यांना हात लावला की झिणझिण्या यायच्या.

"व्हय. येत्यात."

अम्मांनी बोट काचेवरून हळूहळू फिरवलं, वरपासून हनुवटीपर्यंत. काच ती काचच. मग विचारलं, "डोळं कुणाचं घातलंस?"

"माजं. घरातलंच पायजेत."

अम्मांनी काचेवरचा हात काढला, चाचपडत मुलाच्या तोंडाशी नेला आणि दोन बोटांनी त्याचे डोळे तपासले. आधी एक, मग दुसरा. बोटं एकमेकांवर घासून बघितली.

"ह्यात पानी हाय," त्या म्हणाल्या. "तिच्या डोळ्यांत न्हवतं कदी. शेवटापतुर न्हवतं. तेवढं काढ."

"काढतो, अम्मा," गफूरभाई म्हणाले.

मी कात्री न घेताच वाकून बाहेर आले. घरी पोचले तेव्हा ह्यांनी विचारलं, कात्री मिळाली का? मी नाही म्हटलं. आणखी काही विचारू नये एवढं त्यांना माझ्या तोंडाकडे बघून कळलं असावं. चहा त्यांनीच केला.

ती चिठ्ठी अजून माझ्यापाशी आहे, शिवणाच्या डब्यात. दोन खाचा, लाल रंग जरा उडालाय. नात विचारते, आजी हे कशाचं चित्र? मी सांगते, खळ्याचं.

मंगळवारी मी जरा उशिरानं दुकानात गेले. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत होते. बाक भरला होता. वेल्ह्याकडची चार माणसं होती, पाचव्या दिवसाची. त्यांच्या टोप्या डोक्यावरच होत्या. सुतळी कापून टाकलेली. पंखा बाकाकडे तोंड करून उभा होता, आणि त्याची मान या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येकाच्या तोंडावरून फिरत होती.

"गफूरभाई," मी म्हटलं, "मशीनला?"

त्यांनी पडद्यावरच्या म्हाताऱ्याला निळा कोट चढवला. पट्टी आली आणि गेली.

"त्याला आता दम लागत न्हाई, वहिनी," ते म्हणाले. "बसा तुमीबी. वारं हाय."